रेणीगुंट्याला उतरू नका : सोलापूरकरांसाठी चेन्नई

सोलापूरहून चेन्नईकडे जाणारी गाडी रेणीगुंट्याला निम्मी रिकामी होते. आपल्याबरोबर चढलेली, रात्री शेंगाची चटणी वाटून खाल्लेली माणसं तिथं पिशव्या उचलतात आणि बालाजीला निघून जातात. मीही वीसेक वर्षं तेच केलं. गाडी पुढं कुठं जाते याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. चेन्नई म्हणजे बालाजीच्या पलीकडं डबे धुवायला नेतात ते गाव, एवढीच समजूत.

मग धाकटी मुलगी तिकडं नोकरीला लागली, दोन वर्षं राहिली आणि माझ्या चार खेपा झाल्या. परवा साडूभाऊंचा फोन आला, "पाच-सहा दिवस काढतोय, काय बघू, कसं बघू?" फोनवर अर्धा तास बोलूनही सांगून होईना, म्हणून लिहून काढतोय.

आधी माझी लायकी सांगतो. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात शिफ्ट बघतो. इमारतींचा अभ्यास नाही, पक्ष्यांचाही नाही. कापड मात्र बोटांना कळतं, आणि काळवीट नान्नजच्या माळावर लहानपणापासून बघतोय. या दोन गोष्टींच्या जोरावर जेवढं चेन्नई उमजलं, तेवढंच इथं आहे.

जायचं कधी? गड्डा उतरला की. सिद्धेश्वराची यात्रा झाली, पाळणेवाल्यांची आवराआवर सुरू झाली की निघायचं. जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी. आपण पावसाळा म्हणजे जून ते सप्टेंबर धरून चालतो, तिथं उलटा कारभार आहे. त्यांचा खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्येकडून येणारा. २०१५ च्या डिसेंबरात आणि पुन्हा २०२३ च्या डिसेंबरात शहरात घराघरांत पाणी शिरलं होतं. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत नको. मे महिन्यात तर नकोच नको. "आपण सोलापूरचे, चव्वेचाळीस डिग्री बघितलीय" अशी फुशारकी मीही मारली होती. सोलापूरचं ऊन माणसाला भाजतं, चेन्नईचं उकडतं. आपल्याकडं घाम येतो आणि सुकतो, तिथं येतो आणि राहायलाच येतो. फेब्रुवारीत हवा बरी असते आणि कासवं, पक्षी हेही त्याच वेळी जाग्यावर असतात.

गाडीचा मार्ग होटगी, कलबुर्गी, वाडी, रायचूर, गुंटकल, रेणीगुंटा असा. एकूण सव्वाआठशे किलोमीटरच्या आसपास. काही गाड्या चेन्नई सेंट्रलला जातात, काही एग्मोरला. दोन्ही स्टेशनं वेगळी आहेत, तिकिटावरचं नाव वाचून मगच खोली ठरवा. राहायला एग्मोर सोयीचं. मेट्रो आहे, संग्रहालय चालत जाण्याइतकं जवळ आहे आणि खाणावळी भरपूर. कडक भाकरी नेणार असाल तर झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात न्या. पहिल्या खेपेला हिनं कापडात बांधून नेल्या होत्या. समुद्राच्या हवेनं दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची चपाती झाली होती.

आता वारांचा हिशेब. हा मी ठेचा खाऊन शिकलो. पहिल्या खेपेला सरकारी संग्रहालयाच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो तर कुलूप, शुक्रवार होता. नंतर भाड्याची गाडी करून मगरी बघायला गेलो तर तिथं सोमवारची सुट्टी. गाडीवाल्यानं आरशातून जे हसू दाखवलं ते अजून आठवतं. म्हणून असं करा : बुधवारची गाडी धरा, गुरुवारी उतरा. गुरुवार संध्याकाळ मरीना. शुक्रवारी गिंडी आणि अड्यार, रात्री कासवं. शनिवारी उशिरा उठून संग्रहालय. रविवारी पहाटे किल्ला आणि जॉर्ज टाऊन, कारण एरवी तिथं हातगाड्या आणि टेम्पोंत पाऊल ठेवायला जागा नसते. रविवारी दुपारी महाबलीपुरमचा रस्ता धरा आणि वाटेत मगरी बघून घ्या. सोमवार महाबलीपुरमला, मंगळवारी वेडंतांगलचे पक्षी, आणि मग परतीची गाडी.

दिवसाचाही हिशेब ठेवा. सकाळी सहा ते दहा शहर तुमचं, दहा ते चार पंख्याचं, चारनंतर पुन्हा तुमचं. आमच्यासारखी भिंगरी लावून दुपारी बारा वाजता देवळाच्या दगडी फरशीवर अनवाणी चालाल तर पायाला फोड येतील. हिला आले होते.

भाषेची धास्ती घेऊ नका. पहिल्या खेपेला आमच्या शेजारच्या अक्का बरोबर होत्या. त्या पद्मशाली, घरात तेलुगू. चेन्नईत तेलुगू बोलणारे इतके की अक्का रिक्षावाल्याशी भांडण्यापासून साडीच्या दुकानात घासाघीस करण्यापर्यंत सगळं आपल्या साखर पेठेतल्या तेलुगूवर निभावून आल्या. तुम्ही पूर्व भागात वाढला असाल तर तुमचंही निभेल. नाहीतर अण्णा आणि अक्का हे दोन शब्द तर आपलेच आहेत, तिथंही चालतात. 'एव्वळवु' म्हणजे केवढ्याला, 'वेण्डाम' म्हणजे नको, आणि 'पोदुम' म्हणजे पुरे. शेवटचा जेवताना लागतो. वाढपी भाताचं भांडं घेऊन वर उभा असतो आणि मराठी माणसाच्या 'बास बास'चा त्याच्यावर काही परिणाम होत नाही. सावकारपेट भागात मारवाडी-गुजराती वस्ती आहे, तिथं हिंदी बिनधास्त.

रविवारची पहाट जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते सगळ्या सहलीचा जीव तिथं आहे.

मेट्रोनं हायकोर्ट स्टेशनला उतरा. समोर लालभडक विटांचं, घुमट आणि मिनारांचं जे दिसतं ते मद्रास हायकोर्ट, १८९२ चं. हेन्री आयर्विन नावाच्या वास्तुविशारदाचं काम. न्यायालय, पण दिसतं एखाद्या नबाबाच्या महालासारखं. मोगली घुमट, कमानी, जाळ्या आणि आत सगळी इंग्रजी व्यवस्था, अशी ही इंडो-सारासेनिक पद्धत मद्रासनं जितकी अंगावर मिरवली तितकी थोड्याच शहरांनी. सगळ्यांत उंच घुमटाकडं बघा : १८९४ ते १९७७ तिथं दीपगृहाचा दिवा होता. खाली खटले चालायचे आणि वरून जहाजांना वाट दाखवली जायची. पहिल्या महायुद्धात, २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री, 'एम्डेन' नावाच्या जर्मन जहाजानं याच शहरावर तोफा डागल्या आणि तेलाच्या टाक्या पेटवल्या. भिंतीला त्याची पाटी आहे. गंमत म्हणजे तमिळमध्ये आजही बिलंदर माणसाला 'एम्डन' म्हणतात. मुलीच्या ऑफिसात तिच्या साहेबाला सगळे तेच म्हणायचे.

तिथून चालत सेंट जॉर्ज किल्ला. आत सचिवालय आणि विधानसभा आहे, तेव्हा ओळखपत्र खिशात ठेवा आणि फाटकावरच्या तपासणीला कुरकुर करू नका. आपल्या भुईकोटासारखा बुरुजांचा डौल इथं शोधू नका, नाही सापडणार. इथं बघायचं ते वेगळं. इंग्रजांना ही जागा मिळाली २२ ऑगस्ट १६३९ ला. बंदर म्हणावं तर काही नव्हतं. उघडा किनारा, फेसाळणाऱ्या लाटा, जहाज लांब उभं करून होडीतून माल उतरवायचा. मग इथंच का? तर कापडासाठी. फ्रान्सिस डे या कंपनीच्या माणसाला इथं चांगलं कापड इतर ठिकाणांहून स्वस्त मिळालं. एवढ्यावर किल्ला बांधला, विणकर, रंगारी, धोबी बोलावून वसवले आणि शहर झालं. धोब्यांची वस्ती ती आजची वॉशरमनपेट, तमिळमध्ये वण्णारपेट्टै. १७३० च्या दशकात विणकरांसाठी मुद्दाम वसवलेलं चिंताद्रीपेट : चिन्न तरी पेट्टै, म्हणजे लहान मागांची पेठ. हे मुलीनं सांगितलं तेव्हा मी चालता चालता थांबलो. आपल्याकडं पेठा आणि माग, तिथं पेट्टै आणि तरी. आपल्यासारखंच मागाच्या खटखटीवर उभं राहिलेलं हे गाव, आणि मी वीस वर्षं रेणीगुंट्याला उतरत होतो!

किल्ल्यातलं सेंट मेरी चर्च १६८० चं, भारतातलं सगळ्यांत जुनं अँग्लिकन चर्च. रॉबर्ट क्लाइव्हचं लग्न इथं १७५३ मध्ये लागलं. त्याआधी एलिहू येल याचंही. हा येल पुढं मद्रासचा गव्हर्नर झाला आणि म्हातारपणी त्यानं अमेरिकेतल्या एका कॉलेजला पुस्तकं, राजाचं चित्र आणि मालाच्या ९ गाठी पाठवल्या. माल विकून ५६२ पौंड आले, कॉलेजनं त्याचं नाव लावलं. तेच येल विद्यापीठ. गाठी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं कारखान्यातला पॅकिंगचा शेड येतो. आमच्या गाठींतून कुणाचं विद्यापीठ निघालेलं अजून ऐकलं नाही. (किल्ल्यातलं संग्रहालयही शुक्रवारी बंद असतं. रविवार काढला तो याचसाठी.)

किल्ल्यातून बाहेर पडून तंबू चेट्टी रस्त्यावर कालिकांबाळ देवीचं देऊळ विचारा. दक्षिण दिग्विजयाच्या वेळी, ३ ऑक्टोबर १६७७ ला, शिवाजी महाराज या देवीच्या दर्शनाला आले होते असं देऊळ सांगतं. महाराजांचं चित्रही आहे. आम्ही मराठीत बोलतोय हे ऐकून तिथल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हाताला धरून त्या चित्रासमोर नेऊन उभं केलं. हार घ्यायचा तर दारातच मिळतो.

दहा वाजले की परत फिरा. वाटेत सेंट्रलसमोर उभं राहून स्टेशनची १८७३ ची लाल इमारत आणि शेजारची पांढरीशुभ्र रिपन बिल्डिंग एका नजरेत घ्या. रिपन बिल्डिंग म्हणजे तिथली महापालिका, १९१३ ची. आपल्याही महापालिकेला इंद्रभुवन आहे, त्यामुळं मी फार दिपून गेलो नाही. पण त्यांनी रंगवून, निगा राखून ठेवलीय हे मान्य करायला पाहिजे.

शनिवारचं संग्रहालय. १८५१ साली सुरू झालं. आवार मोठं, इमारती बऱ्याच. सगळं बघायच्या नादात काहीच बघून होत नाही. फक्त कांस्यमूर्तींचं दालन करा. चोळांच्या काळात मेणाची मूर्ती घडवायची, तिच्यावर माती लिंपायची, तापवून मेण वितळवायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा अशी रीत. साचा फोडावाच लागतो, म्हणून प्रत्येक मूर्ती एकुलती एक. तिरुवेंकाडूचा अर्धनारीश्वर शोधून काढा. सगळे त्याचा चेहरा बघतात, मी वस्त्र बघत बसलो : शिवाच्या बाजूला आखूड, गुडघ्याच्या वर, पार्वतीच्या बाजूला खालपर्यंत, नक्षीचं. मधली शिवण कुठंच दिसत नाही. मूर्तीच्या मागं जाऊनही बघा, मागची बाजू कुठंही उरकलेली नाही. तिथून त्याच पँथिऑन रस्त्यावर को-ऑप्टेक्सचं दुकान आहे, हातमाग विणकरांच्या सहकारी संस्थेचं, १९३५ पासूनचं. हिला तिथं सोडा आणि दोन तास काही बोलू नका.

मरीना गुरुवारी संध्याकाळी. वाळू इतकी रुंद की पाण्यापर्यंत पोचेस्तोवर दमायला होतं. पाण्यात उतरू नका, आतली ओढ फसवी आहे. पाय भिजवले की झालं. 'तेंगा, मांगा, पट्टाणी, सुंडल' असं ओरडत पोरं फिरतात : वाटाणे, खोबरं, कैरी. ते घ्या आणि रस्त्याच्या कडेच्या एका शिल्पासमोर बसून खा. चार कामगार मोठा दगड ढकलतायत. देवीप्रसाद रॉय चौधरींनी केलेलं, १९५९ चं. याच किनाऱ्यावर १९२३ साली कामगार पुढारी सिंगारवेलर यांनी देशातला पहिला मे दिन साजरा केला होता. चार माणसांचा पुतळा बघितला की सोलापूरकराला चार हुतात्मेच आठवणार. मी जरा वेळ काही खाल्लं नाही. त्याच रस्त्यावर सिनेट हाऊस आहे आणि गोलसर आइस हाऊस आहे. १८४२ साली अमेरिकेतून जहाजानं आलेला बर्फ तिथं साठवत. पुढं १८९७ मध्ये विवेकानंद तिथं राहिले, म्हणून आता ते विवेकानंदांचं स्मारक.

मैलापूरचं कपालीश्वर देऊळ संध्याकाळी कधीही उरकता येतं. गोपुर उंच, रंगीत, गर्दी भरपूर. देवळापेक्षा भोवतालच्या गल्ल्यांत मला जास्त करमलं. एका गल्लीत फक्त पितळी भांडी.

खाण्याचं थोडक्यात. सकाळी पोंगल आणि फिल्टर कॉफी. कॉफी डबऱ्यात, म्हणजे पसरट वाटीत, ओतून, वर-खाली करून, फेस आणून प्यायची. दुपारी केळीच्या पानावर 'मील्स' : भातावर सांबार, मग भातावर रसम, मग भातावर ताक. म्हणजे भात, भात आणि भात. चौथ्या दिवशी मला ज्वारीची आठवण येऊन गलबलून आलं, खोटं कशाला सांगू. जेवण झालं की पान आपल्याकडं दुमडायचं. भाज्या तिखट नसतात, म्हणून चटणीची पुडी खिशात असू द्या.

आता जनावरं. शहराच्या ऐन मध्यात राष्ट्रीय उद्यान आहे म्हटलं तर मला पटेना. गिंडी राष्ट्रीय उद्यान, २.७ चौरस किलोमीटर. नान्नजला आपण एवढ्या अंतरात एक हरणांचा कळप बघायला गाडी फिरवतो. पूर्वी हे गव्हर्नरच्या बंगल्याचं जंगल होतं, राज्यपालांचा बंगला अजून लागूनच आहे. आत चितळ, काळवीट, कोल्हे, मुंगूस. जंगलात मोकळं फिरता येत नाही, वनखात्याची परवानगी लागते. पण शेजारचं बालउद्यान आणि सर्प उद्यान सगळ्यांना खुलं असतं. मंगळवार मात्र टाळा. मुलीची मैत्रीण आयआयटीत शिकत होती, तिच्यामुळं आम्हाला ते आवार बघायला मिळालं. तेही याच जंगलातून काढलेलं. वसतिगृहाच्या सायकलींमधून चितळं चालत होती आणि मोकळ्या मैदानावर एक काळा नर, पिळाची शिंगं मागं टाकून उभा होता. आपला काळवीट उजाड माळावरचा, अंगाला धुळीचा रंग लागलेला. हा झाडीत, ओल्या हवेत, मागून बसचा हॉर्न. ओळखीचा माणूस परगावी नोकरीच्या गणवेशात दिसावा तसं वाटलं. आपल्याकडं माळढोक दिसला तर आता पेपरात बातमी येते, तेव्हा जे आहे ते बघून घ्या.

अड्यारला थिऑसॉफिकल सोसायटीच्या बागेत जुना वड आहे, चारशेपेक्षा जास्त वर्षांचा. मूळ खोड १९८९ मध्ये उन्मळून पडलं, पारंब्यांवर झाड जगलंय. सकाळी थोडा वेळ आणि दुपारी थोडा वेळच आत सोडतात, आदल्या दिवशी वेळ विचारून घ्या.

शुक्रवारची रात्र कासवांची. त्यासाठी दुपारी झोप काढा, गंमत म्हणून सांगत नाही. स्टुडंट्स सी टर्टल कॉन्झर्वेशन नेटवर्क नावाची विद्यार्थ्यांची संघटना १९८८ पासून जानेवारी ते मार्च-एप्रिल रात्रीचा किनारा चालते. शुक्रवारी-शनिवारी बाहेरच्या लोकांनाही बरोबर घेतात. आधी नाव नोंदवा. नीलांकरैपासून बेझंटनगरपर्यंत सात-एक किलोमीटर वाळूतून, मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत. गडद कपडे घाला, पाण्याची बाटली घ्या. बॅटरी नको, मोबाइलचा उजेड तर अजिबात नको. कासवाची मादी उजेड बघून माघारी फिरते. लहान पोरांना नेऊ नका. आमच्याबरोबरच्या एका कुटुंबातला मुलगा दुसऱ्या किलोमीटरला झोपला आणि बापानं उरलेली वाट त्याला खांद्यावर वाहिलं.

पहिल्या वेळी आम्हाला काही दिसलं नाही. नुसती वाळू, कुत्री आणि पायात गोळे. दुसऱ्या खेपेला पहाटे अडीचच्या सुमाराला पुढचा मुलगा हात वर करून थांबला. पाण्यातून वर आलेली रुंद रेघ, उसाच्या ट्रॅक्टरनं ओल्या रस्त्यावर उमटवावी तशी. मादी अंडी घालून परत गेलेली. त्या पोरानं हातातली काठी वाळूत हलक्या हातानं खुपसत खुपसत एक जागा शोधली, जिथं वाळू एकदम सैल लागली. मग पालथं पडून खांद्यापर्यंत हात घालून एकेक अंडं वर. पिंगपाँगच्या चेंडूएवढं, पण कवच मऊ, बोटानं दबणारं. शंभराच्या वर निघाली. ती पिशवीत ठेवून बेझंटनगरजवळच्या कुंपणात नेऊन, तेवढ्याच खोलीचा खड्डा करून पुन्हा पुरतात. किनाऱ्यावर ठेवली तर कुत्री उकरतात, आणि पिल्लं निघालीच तर समुद्राऐवजी रस्त्याच्या दिव्यांकडं चालू लागतात. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्लं. वाळू जास्त गरम असली तर माद्या जास्त, गार असली तर नर. हे त्या मुलानं हळू आवाजात सांगितलं आणि मी अंधारात हिच्याकडं बघितलं. आम्हाला दोन्ही मुलीच.

हेही सांगायला पाहिजे की दर वेळी सुंदरच दिसेल असं नाही. २०२५ च्या जानेवारीत याच किनाऱ्यावर मेलेली कासवं शेकड्यांनी वाहून आली होती. मासेमारीच्या मोठ्या जाळ्यांत अडकली की त्यांना श्वास घ्यायला वर येता येत नाही. आम्हीही दोन बघितली. पोरं त्यांची लांबी मोजून वहीत लिहीत होती.

रविवारी दुपारी ईस्ट कोस्ट रोडनं निघालात की महाबलीपुरमच्या अलीकडं मगरींचं केंद्र लागतं, मद्रास क्रोकोडाइल बँक. रोम्युलस व्हिटेकर यांनी १९७६ मध्ये सुरू केलेलं. मगरी हजारोंनी कशाला, पहिल्या तळ्यातच पोट भरतं. लांब चोचीचे घडियाल तेवढे चुकवू नका. आवारातच इरुळा लोकांची सहकारी संस्था आहे. हे पूर्वी साप पकडून कातडी विकणारे आदिवासी. कातड्यांवर बंदी आली आणि १९७८ पासून तेच हात सापांचं विष काढायला लागले. नाग, मण्यार, घोणस, फुरसं. विष काढून काही आठवड्यांनी साप परत सोडतात. आपल्या जिल्ह्यात उसाच्या फडात घोणस चावली की दवाखान्यात जे इंजेक्शन शोधत पळतो, ते अशाच विषापासून होतं. हे बघितल्यावर तिकिटाचे पैसे मला कमीच वाटले.

महाबलीपुरमला एक रात्र राहाच. सकाळी सहाला मोठ्या शिल्पभिंतीसमोर जा, बसगाड्या नऊनंतर येतात. कुणी अर्जुनाची तपश्चर्या म्हणतं, कुणी गंगावतरण. मी म्हणेन ती जनावरांची भिंत आहे. सातव्या शतकात पल्लवांच्या कारागिरांनी हत्ती असे कोरलेत की पायांत खेळणारी पिल्लं मोजत बसावं. एक हरीण मागच्या खुरानं नाक खाजवतंय. आणि खाली कोपऱ्यात मांजर, दोन पायांवर उभं राहून हात वर करून तप करतंय, भोवती उंदीर. ढोंगी बाबा तेव्हाही होते. नंतर पंचरथ : अखंड खडकांतून कोरलेली पाच देवळं. आपलं वेरूळ काळ्या बेसाल्टचं, इथं ग्रॅनाइट, त्याहून कठीण. सहदेवाच्या रथाची पाठ गोल आहे, तिला गजपृष्ठ म्हणतात, आणि समजावं म्हणून की काय शेजारीच दगडाचा हत्ती उभा केलाय. त्याच्या मागं उभं राहून दोघांच्या पाठी जुळवून बघा. किनाऱ्यावरचं देऊळ आठव्या शतकातलं, ते सूर्य उगवताना बघण्यासारखं आहे. खाऱ्या वाऱ्यानं मूर्तींचे चेहरे पुसले गेलेत.

मंगळवारी गाडी ठरवून वेडंतांगल. पहाटे पोचा. तीस हेक्टरांचं गावतळं, पाण्यात उभी झाडं आणि प्रत्येक झाडावर घरटी : चित्रबलाक, चमचे, पाणकावळे, पाणकोळी. पक्ष्यांना कुणी मारू नये म्हणून गावकऱ्यांनी इंग्रज कलेक्टरकडून १७९८ साली लेखी हुकूम मिळवला. कारण साधं आहे, पक्ष्यांची शीट पडलेलं तळ्याचं पाणी शेताला खतासारखं लागतं. गाव दिवाळीत फटाके वाजवत नाही. भिगवणला रोहित बघायला गेलेले असाल तर दुर्बीण घरात असेलच, ती आणा. तिथं भाड्याच्या दुर्बिणीतून मला स्वतःच्या पापण्याच जास्त दिसल्या.

परतीच्या गाडीला खालचा बर्थ घ्या आणि कॉफीची पूड हातातल्या पिशवीत ठेवा. सुटकेसमध्ये ठेवली की महिनाभर कपड्यांना वास येतो. पूड घेताना चिकोरी किती घालायची ते दुकानदार विचारतो, वीस टक्के सांगा. रेणीगुंट्याला गोटे केलेली माणसं चढतील, तुमच्या बर्थवर बसतील, सोलापूरचीच निघतील. उठवायची घाई करू नका, आधी लाडू येऊ द्या.